झरीवालीला घातलेली साखर

आमच्या गावात बुरशीला आमंत्रण लागत नसे. श्रावण अर्धा सरेपर्यंत ती चपलांना येई, कमरेच्या पट्ट्याला येई, पापडाच्या डब्याला, देवाच्या तसबिरीमागच्या पुठ्ठ्याला येई. आई फडक्यानं पुसायची आणि आठवड्यानं परत पुसायची. अशा विजयदुर्गाच्या खाडीकाठच्या गावातून उठून मी परभणीला आलो, जिथं उन्हाळ्यात ओला टॉवेल दोरीवर टाकून पाठ फिरवेपर्यंत वाळतो. आणि तिथं मला काम मिळालं ते बुरशी वाढवायचं. गावी गेल्यावर हे सांगितलं तेव्हा आईला वाटलं, पोरगा खरं काय ते लपवतोय.

शाळा माझी सातवीत सुटली. आम्ही गाबीत. वडील, काका, दोन्ही भाऊ दर्यावर जाणारे. मीही जाणार हे ठरलेलं असल्यामुळं शाळेचं कुणी मनावर घेतलं नाही, मी तर मुळीच नाही. घोटाळा एवढाच झाला की मला बोट लागते. थोडीथोडकी नाही. होडी खाडीच्या तोंडाशी आली की मी काठावर ओणवा, तो परत किनारा लागेपर्यंत. माशांना फुकटचा चारा मिळतो म्हणून भाऊ मला मुद्दाम कडेला बसवत. वडिलांनी दोन मोसम वाट पाहिली. मग एका संध्याकाळी जाळं विणता विणता, मान वर न करता म्हणाले, "तुका दर्या मानवणा नाय, झिला. खंय तरी कोरड्या जाग्यार जा."

रागावून म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, आणि तो आवाज पुढं कित्येक वर्षं माझ्या पोटात राहिला. परभणीत काही चुकलं की मला पहिली आठवण व्हायची ती त्या होडीच्या काठाची. इथून काढलं तर परत तिथं जायचं होतं. दुसरं काही मला येत नव्हतं, आणि तेही येत नव्हतं.

कोरडी जागा म्हणून परभणी ठरली ती मामामुळं. मामा तिथं एसटीच्या डेपोत कारकून होता. त्यानं मला एका शेतकी संशोधन केंद्रात रोजंदारीवर चिकटवलं आणि वर्षाच्या आत त्याची बदली झाली. मी राहिलो. दुष्काळ सरून तेव्हा फार दिवस झाले नव्हते. रोजंदारीवरच्या माणसाला सकाळी फाटकातून आत घेतात हेच मोठे उपकार वाटायचे, आणि मी ते दिवसभर सगळ्यांना दिसू द्यायचो. कुणी पाणी मागितलं तर दोन पेले आणायचो. माझ्या या आभारी स्वभावानंच पुढं घात केला.

केंद्राच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली होती. तिचे मुख्य डॉक्टर वाघमारे सर. सर परभणीजवळच्या झरी गावचे. त्यांच्या घरात शाळेची पायरी चढलेले ते पहिले, आणि वस्तीतून एवढं शिकलेले एकटेच. गावात डॉक्टर म्हणजे सुईवाला एवढंच ठाऊक. झरीच्या एसटीत म्हातारी माणसं त्यांच्यापुढं मनगट धरायची. सर नाडी हातात घेत, घड्याळाकडं बघत, आणि म्हणत, "मामा, परभणीच्या दवाखान्यात दाखवून घ्या." मी एकदा विचारलं, सर तुम्ही खरं का सांगत नाही? म्हणाले, बुरशीचा डॉक्टर म्हटलं तर त्यांना वाटंल मी नापास झालो.

दुसरे इस्माईलभाई. काचसामान आणि ऑटोक्लेव्ह हे त्यांचं राज्य. ऑटोक्लेव्ह म्हणजे माणूस मावेल एवढा प्रेशर कुकर. बुरशीला घालायचं अन्न आधी त्यात उकडून निर्जंतुक करायचं असतं. त्या भांड्याला इस्माईलभाई "बेगम" म्हणत. शिट्टी बिघडली की तिच्याशी दख्खनीत भांडत आणि आपणच हरत. मला ते "क्या जी कोकणी" अशी हाक मारायचे. माझं नाव राजाराम आहे हे त्यांना निवृत्त होईपर्यंत कळलं होतं की नाही, मला शंका आहे.

पहिले कित्येक महिने मी कापसाचे बोळे वळले. काचेच्या नळीत बुरशी ठेवायची तर तिला हवा हवी आणि हवेतली दुसरी बुरशी नको. त्यासाठी नळीच्या तोंडात घट्ट वळलेला कापसाचा बोळा. सैल झाला तर बाहेरचं कुणीही आत घुसतं, फार घट्ट झाला तर काढताना नळी फुटते. कापूस मानवतहून यायचा. माझे सुरुवातीचे बोळे बघून इस्माईलभाईंनी विचारलं होतं की यातला एखादा उशीला वापरू का.

मग अन्न. बटाटे उकडून त्यांचं पाणी गाळायचं, त्यात साखर आणि अगर घालायचं, गरम असतानाच नळीत ओतून नळी तिरपी ठेवायची. गार झाल्यावर खरवसासारखी तिरपी वडी तयार होते. तिच्यावर तारेच्या टोकानं बुरशीचा कण ठेवायचा. हे अगर समुद्रातल्या शेवाळापासून करतात, असं सरांनी सांगितलं तेव्हा मी मनात म्हटलं, घ्या, दर्या इथंही आला.

खरा दर्या तर पुढंच होता. एक दिवस सरांनी मला मायक्रोस्कोपला बसवलं. ज्वारीच्या पानावर करपल्यासारखे लांब डाग पडतात, त्या डागांतली बुरशी. तिचे बीजाणू, म्हणजे बी म्हणा, काचपट्टीवर निळ्या रंगात घेऊन बघायचे. मी डोळा लावला आणि बघतो तर होड्या. खरोखरच्या होड्या. लांबट, दोन्हीकडं निमुळत्या, मध्ये आडव्या फळ्या घालून खण पाडलेल्या. सर म्हणाले, पट्टी हळूहळू सरकव. मी सरकवली. होड्या उलट दिशेनं निघाल्या, सगळ्या एकदम, डुलत. मी तसाच उठलो. बाहेर जाऊन कडुनिंबाखाली ओकलो. जमिनीवर, समुद्रापासून दोन दिवसांच्या वाटेवर, स्टुलावर बसून बोट लागलेला माणूस केंद्राच्या इतिहासात मी एकटाच. पुढं सवय झाली, पण पट्टी कुणी भसकन सरकवली तर आजही मी डोळे मिटतो.

आता आमचा धंदा काय होता ते सांगतो. या होड्यांच्या बुरश्यांना पूर्वी एकाच नावाखाली घालत. मग मोठ्या मोठ्या लोकांच्या लक्षात आलं की हे एक घर नाही, तीन चुलत घरं आहेत. एक वाकडी होडी, तिला अंकुर फुटतो तो फक्त दोन टोकांना. दुसरी सरळ, तिला कुठूनही फुटतो, अगदी मधल्या खणातूनसुद्धा. तिसरीच्या बुडाला सुकाणूसारखी एक थुंटी पुढं आलेली. लॅटिन नावं इथं देत नाही. ती मला लिहिता येतात, उच्चारता येत नाहीत. आम्ही आपले वाकडी, सरळ आणि थुंटीवाली म्हणायचो. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा थुंटीनं काय बिघडतं? मीही म्हणालो होतो. सर म्हणाले, कोणती बुरशी कोणाच्या घरातली हे कळलं नाही, तर एका रोगाचं औषध दुसऱ्यावर मारत बसायचं.

आणि मग होती झरीवाली. सरांच्या भावाच्या रानातल्या ज्वारीवर ती सापडली होती. होडी वाकडी, अंकुर दोन टोकांना, म्हणजे पहिल्या घरातली. पण बुडाला थुंटी, बारीक का होईना पण स्पष्ट, म्हणजे तिसऱ्या घरातली. सरांचं म्हणणं, ही दोन्हीकडची नाही, स्वतंत्र जात आहे. नव्या जातीला नाव द्यायचा मान शोधणाऱ्याचा. सरांनी नाव मनात ठरवलं होतं. त्या नावात झरी होतं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, आणि सांगून झाल्यावर लगेच खिडकी बंद करायला उठले.

त्याच सुमारास वरून विचारणा सुरू झाली की परभणीत ही वेगळी खोली कशाला? नळ्या मोठ्या केंद्रात पाठवा, खोली दुसऱ्या कामाला घ्या. निर्णयाआधी दक्षिणेतले एक वयस्कर शास्त्रज्ञ पाहणीला येणार होते. या विषयात त्यांचा शब्द शेवटचा. झरीवालीत त्यांना दम वाटला तर खोली राहील, नाहीतर बंद. खोली बंद झाली तर सर दुसरीकडं जातील, इस्माईलभाईंना दुसरी बेगम मिळेल. रोजंदारीवरचा राजाराम थेट होडीवर जाईल.

माझी तेव्हापासून झोप उडाली आणि प्रेम उफाळून आलं. झरीवालीवर माझं सगळं अवलंबून, आणि ती तर नळीत बघावी तेव्हा काळपट, खुरटी, पातळ. शेजारच्या बुरश्या कशा गुबगुबीत. मला वाटलं, पाहुणे बघायला येणार आणि मुलगी ही अशी. आमच्याकडं पाहुणा येणार म्हटलं की घरात असेल नसेल ते बाहेर काढतात. तेव्हा साखर रेशनवर मिळायची. मी माझ्या वाट्याची साखर आणली आणि तिच्या अन्नात नेहमीच्या साखरेवर ती घातली. स्वतः पंधरा दिवस गुळाचा चहा प्यायलो. आणि पाहुणे येणार तर स्वच्छता हवी, म्हणून तिच्या जुन्या, वाळलेल्या, कळकट दिसणाऱ्या नळ्या सगळ्या उकळत्या पाण्यात घालून घासून लख्ख केल्या. एकही ठेवली नाही. माझ्या कामात कधी अर्धवटपणा नसे.

आठवड्यानं झरीवाली काय फुलली होती! पांढरीशुभ्र, मऊ, नळीभर. मानवतच्या बाजारात ठेवली असती तर सरकी काढून विकली गेली असती. मी नळी घेऊन सरांकडं गेलो, पुरणपोळीचं ताट न्यावं तसा.

सरांनी तिचा कण काचपट्टीवर घेतला, डोळा लावला. पट्टी एकदा सरकवली, परत सरकवली. मग दुसरी नळी मागितली, तिसरी. कशातच एकही होडी नव्हती. नुसते धागे. दर्या रिकामा.

"काय घातलंस हिला?"

"साखर, सर. थोडी जास्त."

"आणि जुन्या नळ्या?"

मी मांडणीकडं बोट दाखवलं, जिथं त्या उलट्या घालून वाळत ठेवल्या होत्या. चमकत होत्या, आतल्या मूळ बुरशीसकट धुऊन निघालेल्या.

सर ओरडले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि जे सांगितलं ते मला आजही शब्दशः आठवतं. "राजाराम, बीजाणू म्हणजे तिची घराबाहेर पाठवलेली लेकरं. पोटाला भरपूर मिळालं की घर कोण सोडतंय? तू सोडलं असतं का?"

मी नाही म्हणालो. म्हणजे मान हलवली. होडीनं मला घेतलं असतं तर मी कशाला परभणी बघितली असती? बुरशीचं हे वागणं मला वर्गात कुणी शिकवलं नाही, माझ्या जन्मात लिहिलेलं होतं. फक्त वाचायला उशीर झाला.

उपाय होता, उपासमार. बिनसाखरेचं, बिनबटाट्याचं, नुसतं पाणी आणि अगर, आणि त्यावर तिच्या ओळखीचा कडब्याचा एक तुकडा. नळ्या खिडकीत ठेवायच्या, दिवसा उजेड, रात्री अंधार, की तिला वाटावं आपण रानात आहोत. लागलीच फळ येईल याची खात्री नाही. साखरेला सोकावलेली बुरशी कधी कधी लेकरं घालायचं कायमचं विसरते, हेही सरांनी सांगून ठेवलं. पाहुणे यायला फार दिवस नव्हते.

औषध न मारलेला कडबा हवा म्हणून दुसऱ्या दिवशी सर आणि मी झरीला गेलो. सरांची आई ओट्यावर तूर निवडत बसली होती. मी जयभीम घातला, तिनं जयभीम केला आणि मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"ह्योच का त्यो, बुरशीला साखर घालनारा?"

म्हणजे बातमी माझ्या आधी पोचली होती. सर कडबा बघायला भावाबरोबर रानाकडं गेले आणि मी तिच्या तावडीत एकटा सापडलो. तिनं माझ्यापुढं ज्वारीची भाकरी, ठेचा आणि वरणाची वाटी ठेवली. भात खाणारा माणूस मी. भाकरी तोडली की माझ्या हातात पिठाचा भुगा राहायचा.

"आमच्या ज्वारीवर बुरशी आली तर आमी डोक्याला हात लावून बसतो," ती म्हणाली. "आन् तुमी तिच्यासाठी झोप मोडायलाव. लय शिकलं की आसं व्हतंय का?"

मी म्हटलं, मी सातवीच शिकलोय, माय.

"मंग तुला माफी हाय. त्याला न्हाई." मग आवाज खाली आणून म्हणाली, "गावाचं नाव लावनार हाय म्हनं तिला. रोगाला नाव लावतंय का कुनी गावाचं? पर त्याचं मन हाय. बगा, जमलं तर जमवा."

मी भुगा वरणात कालवून खाल्ला. वाटी मीच धुऊन ठेवली.

कडब्याची पेंडी घेऊन आम्ही आलो तेव्हा इस्माईलभाई बेगमची शिट्टी पुसत होते. पेंडीकडं बघून म्हणाले, "क्या जी कोकणी, अब जनावरां का चारा भी पकाना?" पण कडब्याचे बारीक तुकडे त्यांनीच केले, आणि बेगमनं त्या दिवशी एकदाही कुरबूर केली नाही. तिलाही काहीतरी कळलं असावं.

मग वाट बघणं. नळीत पांढरं विरळ झालं. कडब्याच्या तुकड्यावर करडी झाक आली, नुसती झाक. रोज सकाळी सर एक नळी उघडत, बघत, बंद करत. मी त्यांच्या पाठीकडं बघून निकाल वाचायला शिकलो. पाहुणे येणार त्या सकाळीही ती पाठ सुरुवातीला तशीच वाकलेली होती. मग एकदम ताठ झाली. सरांनी मागं न बघता हातानं मला बोलावलं. मी डोळा लावला. काळसर, वाकडी, खण पाडलेली एक होडी. तिच्यामागं आणखी. बुडाला थुंटी. आयुष्यात होडी बघून मला आनंद झाला तो तेवढ्याच वेळी.

पाहुणे आले ते धोतर, कोट आणि पायांत कॅनव्हासचे बूट अशा वेषात. सावकाश बोलणारे, मोजकं हिंदी येणारे. चहा नको म्हणाले आणि सरळ मायक्रोस्कोपला बसले. काचपट्टी लावायचं काम माझ्याकडं होतं. मी घाईनं लावायला गेलो आणि काच काचेवर वाजली. त्यांनी माझ्याकडं बघून नुसतं "धीरे" म्हटलं, आणि मग बराच वेळ बघत राहिले. वाकडेपणा बघितला. अंकुर फुटलेल्या दोन होड्या बघितल्या. थुंटीपाशी फार थांबले. मग त्यांनी विचारलं की हिला आजवर कशावर वाढवलं.

सर नुसतं "कडब्यावर" म्हणाले असते तरी ते खोटं नव्हतं. मी खाली बघत उभा होतो. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, पण परभणीची जमीन उन्हाळ्यातच भेगाळते आणि तो हिवाळा होता.

"बीच में शक्कर ज़्यादा पड़ गई थी," सर म्हणाले. "गलती हमारी है."

हमारी म्हणाले. मी बाजूलाच उभा होतो.

पाहुण्यांनी साखर किती, कधी, ते विचारलं. सरांनी माझ्याकडं बघितलं. मी सगळं सांगितलं, रेशनच्या साखरेसकट आणि गुळाच्या चहासकट. ते हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. परत मायक्रोस्कोपला डोळा लावून म्हणाले, "तो फिर ये गाँठ इसकी अपनी है, या खाने की? ये कौन बताएगा?"

 त्यांनीच पुढं सांगितलं त्याचा अर्थ असा. अन्न बदललं की जी बुरशी लेकरं घालायची थांबते, ती अन्न बदललं की लेकरांचं रूपही बदलू शकते. एका कडब्यावरच्या थुंटीवरून नवी जात मानता येणार नाही. हिला निरनिराळ्या अन्नावर वाढवा, एकातून दुसरी, दुसरीतून तिसरी पिढी काढा. सगळीकडं थुंटी राहिली तर नाव द्या, मी स्वतः पाठिंबा देईन. तोवर हो नाही आणि नाही पण नाही. या कामाला वर्षं लागतील, आणि ते जिथली बुरशी तिथंच झालं पाहिजे, असा शेरा मी वर देतो.

सरांचा चेहरा पडला. इतकी वर्षं जपलेलं नाव त्यांना त्या दिवशी हवं होतं, आणि हातात आलं ते काम. इस्माईलभाईंनी मान हलवली. खोलीत एकटा मीच असा होतो ज्याच्या मनात लाडू फुटत होते. "वर्षं लागतील" एवढंच मी ऐकलं होतं. सर दुःखात आणि मी सुखात, तेही माझ्याच चुकीच्या जिवावर. त्या आनंदाची लाज वाटायला मला थोडा वेळ लागला, पण वाटली.

खोली राहिली. पुढच्या वर्षी त्या कामासाठी एक जागा मंजूर झाली आणि मी कायम झालो. झरीवालीला जेवू घालणं हे आता माझं सरकारी काम होतं. गव्हाचं काड, मक्याचं पान, बाजरीचं सरमाड, साखर घालून, साखर न घालता. साखरेचा डबा मात्र इस्माईलभाईंनी आपल्याकडं घेतला. मला चहापुरतीही द्यायची झाली तर आधी विचारायचे, "किसके वास्ते?"

बहुतेक अन्नांवर थुंटी राहिली. सर पुन्हा खुलायला लागले. एकदा मी शिमग्याला गावी गेलो असताना मला वाटलं, भाताचा पेंढा राहिलाच की. आमच्या खळ्यातला चांगला वाळलेला पेंढा पिशवीत घालून घेऊन आलो. गंगाखेडपर्यंत शेजारचा माणूस विचारत होता, कोकणात नारळ संपले काय? पेंढा उकडला, अगरवर ठेवला, झरीवाली त्यावर लावली. ती छान वाढली. लेकरंही भरपूर घातली. होड्या वाकड्या, अंकुर दोन टोकांना, आणि थुंटी नाही. परत लावली, परत नाही. त्या पेंढ्यावर पिढ्यान्‌पिढ्या वाढवली तेव्हा ती पहिल्या घरातल्या कुठल्याही साध्या वाकडीसारखी दिसायला लागली. परत कडब्यावर आणली की बारीकशी थुंटी हजर.

म्हणजे थुंटी खाण्याची होती. झरीवाली वेगळी नव्हतीच. ज्या जातीच्या जिवावर मी कायम झालो ती जातच नव्हती, हे सिद्ध व्हायला माझ्या गावचा पेंढा लागला.

सरांनी ते लपवलं नाही. स्वतःच लिहून कळवलं की आपला अंदाज चुकीचा निघाला. लिहून झाल्यावर कागद माझ्याकडं टाइपिंगला न्यायला देताना म्हणाले, "पेंढा चांगला होता." एवढंच. त्यानंतर नव्या नावाचा विषय त्यांनी कधी काढला नाही. निवृत्त होईपर्यंत ते दुसऱ्यांच्या बुरश्या ओळखून देत राहिले, आणि त्यांनी ओळखलेली चुकली असं मी ऐकलं नाही. तरी मला वाटतं, मी पेंढा आणला नसता तर कुणी आणला असता? आणला असता कुणीतरी कधीतरी. पण तो दुसरा कुणीतरी असता तर मला बरं वाटलं असतं.

त्या वर्षी पुन्हा झरीला गेलो होतो. सरांच्या आईनं वाढता वाढता विचारलं, "ऱ्हाऊन गेलं म्हनं गावाचं नाव?"

मी हो म्हणालो आणि कारण सांगितलं. ती ऐकत होती.

"त्यो पेंढा कुनी आनला व्हता?"

"मी, माय."

तिनं टोपलीत हात घातला. "तुला त्या दिवशी भाकर घालायलाच नको व्हती," असं म्हणून तिनं माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. मी ती तोडली. भुगा झाला नाही. तिच्या लक्षात आलं, मला वाटतं.

त्या दिवाळीत घरी गेलो. परभणीत मला कोकणी म्हणायचे, आता गावात घाटी म्हणायला लागले होते. वहिनी म्हणाली, भाऊजींची बोली बदलली, खाणं बदललं, रंगही बदलला. वडील ओसरीवर बसून ऐकत होते. सकाळी म्हणाले, चल, खाडीच्या तोंडापर्यंत येऊन जा, कामाला नको, फक्त बस. आता मला होडीची भीती नव्हती. मी कायम होतो. बसलो. आणि एवढी वर्षं ज्वारी खाऊन पोट घट्ट झालं असेल असंही कुठंतरी वाटत होतं.

खाडीचं तोंड आलं आणि मी काठावर ओणवा झालो. भाऊ हसायला लागले. वडील सुकाणूवर होते. ते हसले नाहीत. पहिल्यांदाच त्यांनी सांगितलं ते मी पाण्याकडं तोंड करून ऐकलं.

"तुझो आजो पण असोच ओकी. म्हातारो झालो तरी ओकी. इतकी वर्सां थंयची भाकरी खाल्लंस, पण ओकारी घरचीच रवली."

मी परत ओणवा झालो. पण सरांनी मला खिडकीतल्या नळ्यांसमोर उभं करून निष्कर्ष विचारला असता तर मी नीट सांगितला असता. जागा बदलली, अन्न बदललं, थुंटी कायम. हा नमुना घरातलाच आहे.